उत्तर न देणारा पत्ता

सोमवार, २२ ऑक्टोबर २०१२. दसरा दोन दिवसांवर आला होता. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झाले तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजत होते, आणि उत्तर व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमधल्या थोड्या डिस्क हळू चालू लागल्या. पुढच्या काही तासांत रेडिट, फोरस्क्वेअर, एअरबीएनबी, हेरोकू अशा सेवा कुठे बंद पडल्या, कुठे रखडल्या. मूळ कारण होतं एका दुय्यम प्रोग्रॅममधली मेमरीची गळती. ती आधीपासून चालू होती आणि कुणाच्या नजरेस आली नव्हती.

ॲमेझॉनने नंतर या घटनेचा वृत्तान्त स्वतः प्रसिद्ध केला, मिनिटांसकट. मी बरीच वर्षं नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरवर काम केलं आहे. असल्या गळत्या शोधण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या आहेत, त्यामुळे हा वृत्तान्त मी पुन्हा पुन्हा वाचला. तो इथे वेळेच्या क्रमाने मांडतो आहे. वेळा अमेरिकेच्या पॅसिफिक घड्याळाच्या आहेत. आपलं घड्याळ तेव्हा त्याच्या साडेबारा तास पुढे होतं.

आदला आठवडा

ॲमेझॉनच्या ज्या सेवेत हे घडलं तिचं नाव ईबीएस. ग्राहकाच्या मशीनला ती साध्या डिस्कसारखी दिसते, पण ती डिस्क त्या मशीनमध्ये नसते. मधे नेटवर्क असतं आणि पलीकडे साठवणुकीचे सर्व्हर. अशा एका डिस्कला व्हॉल्यूम म्हणतात. हजारो लोकांचे डेटाबेस या व्हॉल्यूमवर असतात.

त्या प्रत्येक साठवणूक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम चालत असे. त्याचं काम साधं: सर्व्हरची तब्येत कशी आहे, ही माहिती गोळा करून ती नोंदी ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायची. माहिती उशिरा पोचली किंवा पोचलीच नाही तरी चालेल, अशीच रचना होती. ग्राहकांच्या डेटाशी त्याचा संबंध नव्हता.

नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी एकाचं हार्डवेअर बिघडलं. तो काढला, जागी नवा बसवला. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, जुन्याचा पत्ता खोडला, नव्याचा घातला. असं काम कुठल्याही डेटा सेंटरमध्ये नेहमीच होतं, आणि करणारा माणूस तिकीट बंद करून जेवायला जातो.

पण तो बदल आतल्या सगळ्या डीएनएस सर्व्हरांपर्यंत पोचला नाही. काही साठवणूक सर्व्हरांच्या हातात जुनाच पत्ता राहिला. ते त्या पत्त्यावर हाका मारत राहिले, आणि तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

अलार्म वाजला नाही. माहिती नाही आली तरी चालेल, असं आधीच ठरलं होतं ना!

त्या पहिल्या हाकेपासून

उत्तर न मिळाल्यावर त्या प्रोग्रॅमने आवरतं घ्यायला हवं होतं: कनेक्शन सोडायचं, त्यासाठी घेतलेली मेमरी परत करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण दर वेळी थोडी मेमरी अडकत गेली. हा दोष प्रोग्रॅममध्ये आधीपासून दडलेला होता. पलीकडून उत्तर येत होतं तोवर कोडचा तो भाग चालायचीच वेळ आली नव्हती.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हीच गोष्ट मी ड्रायव्हरमध्ये फार जवळून पाहिली आहे.

लिनक्समध्ये नेटवर्कवर जाणारं प्रत्येक पॅकेट एका बफरमध्ये बसून येतं. त्याला आम्ही एसकेबी म्हणतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो बफर ड्रायव्हरच्या हातात देतो आणि ड्रायव्हरने दोनपैकी एक उत्तर द्यायचं असतं. ‘घेतलं’ किंवा ‘आत्ता जागा नाही’. ‘घेतलं’ म्हटलं की तो बफर ड्रायव्हरचा झाला. पॅकेट तारेवर गेलं तरी, नाही गेलं तरी, मेमरी मोकळी करायची जबाबदारी त्याची. ‘जागा नाही’ म्हटलं तर बफर कर्नलकडेच राहतो. कर्नल तोच पुन्हा घेऊन येणार, तेव्हा ड्रायव्हरने त्याला हात लावायचा नाही.

एका कंपनीत असताना आमच्याकडे तक्रार आली: मशीन आठ-दहा दिवसांनी मान टाकतं, रीबूट केलं की पुन्हा आठ-दहा दिवस बरं चालतं. प्रयोगशाळेत ते काही केल्या घडेना. कारण आमच्याकडच्या केबली नव्या होत्या. ग्राहकाकडे एका केबलचा सांधा ढिला होता आणि लिंक दिवसातून शेकडो वेळा जात-येत होती. लिंक गेल्याचं कर्नलला कळेपर्यंतच्या क्षणात जी चार-दोन पॅकेटं ड्रायव्हरकडे येत, त्यांना तो ‘घेतलं’ म्हणे, लिंक नाही असं पाहून परत फिरे, आणि बफर मोकळा करायचं राहून जाई. अख्ख्या फंक्शनमध्ये एवढीच एक ओळ कमी होती.

कर्नलच्या मेमरीचे खण दाखवणारं स्लॅबटॉप नावाचं साधन आहे. आम्ही तसाच ढिला सांधा मुद्दाम तयार केला आणि स्लॅबटॉप लावून बसलो. चहा घेऊन परत यावं तर एसकेबींच्या खणाचा आकडा वाढलेला. ट्रॅफिक पूर्ण बंद केलं तरी तो खाली येईना. तेव्हा खात्री पटली.

मग घाईत दुरुस्ती केली आणि ती चुकली. बफर मोकळा करणारी ओळ ‘घेतलं’ म्हणणाऱ्या वाटेवर घालायची होती; ती अशा जागी पडली की ‘जागा नाही’ म्हणतानाही बफर मोकळा होऊ लागला. कर्नलने तोच बफर पुन्हा पुढे केला. तोवर ती मेमरी दुसऱ्याच कुणाला दिलेली होती. मशीन दहा दिवसांत मरत होतं, ते दहा मिनिटांत मरू लागलं. गळती आणि क्रॅश हे दोन वेगळे रोग आहेत असं मी तोवर समजत होतो. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: या क्षणी ही मेमरी कुणाची? तिला कुणीच वाली नसला तर गळती. दोघांनी ती आपली मानली तर क्रॅश.

शनिवार, रविवार

या दोन दिवसांतही गळती चालूच होती. ती दिसत का नव्हती, याचा हिशेब करून पाहा. एखादा प्रोग्रॅम दर सेकंदाला एक प्रयत्न करतो आणि दर प्रयत्नात २ केबी मेमरी अडकवतो असं धरू. २ केबी म्हणजे या मजकुराच्या एका मोठ्या परिच्छेदाएवढी जागा. दिवसाला होतात सुमारे १७५ एमबी. आठवड्याला सव्वा जीबीच्या जवळपास. पहिल्या तासात, पहिल्या दिवसात आलेखावर काही दिसत नाही. सातव्या दिवशीही दिसेलच असं नाही, कारण त्या मशीनवर इतर कामं चालू असतात आणि त्यांची मेमरी सतत वर-खाली होत असते.

त्या साठवणूक सर्व्हरांचं तर तसंच होतं. असलेली सगळी मेमरी ग्राहकांच्या डेटासाठी वापरायची, ही त्यांची रीतच. मोकळी मेमरी कमी असणं हीच त्यांची निरोगी अवस्था. एकूण मेमरीवर लक्ष होतं, पण किती खाली गेल्यावर अलार्म वाजवायचा हे ठरवणं अवघड होतं. लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या भटारखान्यात तेलाचा एक डबा लवकर संपला तर आचारी काय म्हणेल? पंगत मोठी होती, म्हणेल. डब्याला तळाशी भोक पडलंय का, हे बघायला तो वाकणार नाही.

मी त्या लोकांना दोष देत नाही. पण एक गोष्ट तेव्हाही करता येण्यासारखी होती. एकूण मेमरीचा आकडा फसवा असला तरी त्या एका छोट्या प्रोग्रॅमची मेमरी फसवी नसते. माहिती गोळा करून पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला किती मेमरी लागावी, हे आधी सांगता येतं. तो आकडा चार दिवस सतत वर जात असेल तर त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमचा वेगळा आकडा बघणारा पहारा त्या सर्व्हरांवर नव्हता.

सोमवार, सकाळी १०:००

सोमवार सकाळपर्यंत परिस्थिती अशी झाली होती की बाधित सर्व्हरांकडे नेहमीच्या विनंत्या हाताळण्यापुरतीही मेमरी उरली नव्हती. दहा वाजता त्या झोनमधली, म्हणजे डेटा सेंटरांच्या त्या एका गटातली, थोडी व्हॉल्यूम मंदावली, काही अडकली.

अडकणं म्हणजे काय, ते ग्राहकाच्या बाजूने बघायला हवं. डेटाबेस डिस्ककडे एक ब्लॉक मागतो आणि वाट बघत बसतो. उत्तर येत नाही, आणि ‘मिळणार नाही’ असा नकारही येत नाही. लिनक्समध्ये अशा प्रोसेसपुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं. तिला मारायची सगळ्यात कडक आज्ञा दिली तरी ती मरत नाही, कारण ती कर्नलच्या आत डिस्कची वाट बघत असते. तिच्या मागे दुसरी, तिसरी. सीपीयू रिकामा आणि लोडचा आकडा चढतोच आहे, असं विचित्र चित्र दिसतं. ज्याने ते रात्री पाहिलंय त्याला विचारा. डिस्क मेली असती तर परवडलं असतं, निदान दुसरीकडे जाता आलं असतं.

१० ते ११

अशा वेळी ईबीएसमध्ये एक चोख सोय होती. सर्व्हर आजारी वाटला की त्याच्यावरचा भार आपोआप निरोगी सर्व्हरकडे सरकवायचा. यालाच फेलओव्हर म्हणतात. एखादा सर्व्हर पडला तर ग्राहकाला पत्ताही लागत नाही, इतकी ती चांगली चालते.

त्या सकाळी मात्र पुष्कळ सर्व्हरांची मेमरी एकाच सुमारास संपली. एकच चुकलेला पत्ता, एकच दोष, एकाच वेळी सुरू झालेली गळती. मग शेवटही एकत्र आला यात नवल नाही. भार सरकवायला निरोगी सर्व्हर शोधायला जावं तर पुरेसे सापडेनात. शोधाशोधीचं कामच वाढत गेलं आणि आणखी व्हॉल्यूम अडकली. अकराच्या सुमारास त्या झोनमधली मोठ्या संख्येने व्हॉल्यूम अडकलेली होती.

आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा.

११:१०

या दिवसातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा निर्णय या मिनिटाचा आहे. मूळ कारण कुणालाही ठाऊक नव्हतं. मेमरी का संपते आहे, कोण खातं आहे, काही कळलं नव्हतं. तरी टीमने फेलओव्हरचा वेग कमी केला. मदत करायला धावणारी यंत्रणाच गर्दी वाढवते आहे, हे त्यांनी ओळखलं.

ही जाण महागात मिळालेली होती. दीड वर्षापूर्वी, २१ एप्रिल २०११ रोजी, याच सेवेत मध्यरात्रीनंतर ४७ मिनिटांनी नेटवर्कच्या एका बदलात चूक झाली होती. मोठ्या वाटेचं ट्रॅफिक कमी क्षमतेच्या नेटवर्कवर गेलं आणि सर्व्हर एकमेकांपासून तुटले. जोडणी परत आली तेव्हा सगळ्यांनी एकदम आपल्या डेटाची नवी प्रत ठेवायला जागा शोधायला सुरुवात केली आणि जागा संपली. त्या झोनमधली सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकली होती. ०.०७ टक्के व्हॉल्यूमचा डेटा शेवटपर्यंत परत मिळाला नाही. आकडा लहान दिसतो. ज्याचा डेटा गेला त्याला तो लहान नव्हता.

११:३५

भार उतरला. व्हॉल्यूम आपोआप सुटू लागली. पण गळती तशीच होती.

दुपारी १२:०६

आता ग्राहक नवी मशीन सुरू करायला, व्हॉल्यूम हलवायला धावले होते. त्यांच्या विनंत्या स्वीकारणारं एपीआय कोलमडू नये म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या विनंत्यांवर मर्यादा घातली गेली. हेतू बरोबर होता, मर्यादा फारच कडक बसली. बिघाड एका झोनमध्ये असताना ज्यांनी आधीच शहाणपणाने दुसऱ्या झोनची तयारी ठेवली होती, त्यांनाही ऐन वेळी दार उघडेना. २:३३ला मर्यादा नेहमीच्या पातळीजवळ आणली. ज्यांच्या विनंत्या अडल्या त्यांना त्या तासांचे पैसे ॲमेझॉनने नंतर बिलात वळते केले. ते करायलाच हवं होतं.

१:४०

बाधित व्हॉल्यूमपैकी सुमारे ६० टक्के पूर्ववत झाली. उरलेली ४० टक्के का सुटत नाहीत, हे कळत नव्हतं. भारतात रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

इथून पुढचा दीड तास वृत्तान्तात दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. तो वाचताना माझा जीव कासावीस होतो, कारण त्या खोलीत काय चाललं असेल हे मला ठाऊक आहे. शेकडो आलेख समोर आणि सगळेच तुटलेले. फेलओव्हरची गर्दी, पुन्हा जोडणीची गर्दी, एपीआयची गर्दी. या गदारोळात मूळ कारण शोधणं कठीण गेलं, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. आणि संशय नेहमी मोठ्या गोष्टींवर जातो. नवीन रिलीज कोणतं गेलं? नेटवर्कमध्ये काही बदललं का? डिस्कचं हार्डवेअर? पाठवलेली माहिती पोचली नाही तरी चालेल असा प्रोग्रॅम त्या संशयितांच्या यादीत शेवटून पहिला असतो.

३:१०

कारण सापडलं. पहिली व्हॉल्यूम मंदावल्यापासून पाच तास दहा मिनिटांनी.

दुरुस्ती त्या क्षणी फार मोठी नव्हती. त्या प्रोग्रॅमने अडवून ठेवलेली जास्तीची मेमरी मोकळी केली. सर्व्हरांना काम करायला जागा मिळाली आणि उरलेली बहुतेक व्हॉल्यूम सुटू लागली.

४:१५

जवळजवळ सगळी बाधित व्हॉल्यूम नीट चालू लागली. आपल्याकडे मंगळवारची पहाट, पावणेपाच.

त्यानंतर

ॲमेझॉनने काय काय करणार ते लिहिलं. हीच गळती पुन्हा दिसली तर वाजेल असा अलार्म ताबडतोब. गळतीचा पॅच पुढच्या आठवड्यापासून. साठवणूक सर्व्हरांवर प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीवर वेगळी नजर. कमी महत्त्वाच्या प्रोसेसने जास्तीचं काही खाऊ नये म्हणून मर्यादा. डीएनएसचा बदल सगळीकडे पोचला की नाही याची तपासणी. फेलओव्हरच्या नियमांचा फेरविचार.

यात पॅच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, असं माझं मत आहे. पॅच ती एक गळती बुजवतो. पुढची गळती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, दुसऱ्या फाइलमध्ये असणार. मर्यादा मात्र अजून सापडलेल्याच नाहीत अशा गळत्यांनाही थोपवते. तो प्रोग्रॅम ठरलेल्या मेमरीपलीकडे गेल्यावर मारला गेला असता, तर त्या आठवड्यात एवढंच झालं असतं की काही नोंदी आल्या नसत्या. आणि नोंदी नाही आल्या तरी चालणारच होतं.

साधनांची कमतरता हे कारण आता कुणालाच देता येणार नाही. प्रोसेसच्या गटाला मेमरीची मर्यादा घालायची सोय लिनक्स कर्नलमध्ये २००८पासून आहे. कर्नलच्या आतली, म्हणजे ड्रायव्हरमधलीही, बेवारस मेमरी शोधणारं केमेमलीक २००९पासून आहे. दोन्ही फुकट आहेत. ड्रायव्हर लिहिणाऱ्या नव्या मुला-मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच करायला सांगतो: फंक्शनमधून बाहेर पडायच्या जेवढ्या वाटा आहेत तेवढ्या कागदावर काढा, आणि प्रत्येक वाटेपुढे लिहा, इथून बाहेर पडताना बफर कुणाच्या हातात आहे. सरळ वाट एकच असते. चुकीच्या वाटा सात-आठ निघतात. त्यांतली एखादी कधीच कुणी चालवून पाहिलेली नसते.

तुमच्या हाताखाली एखादा सर्व्हर असेल तर येत्या शुक्रवारी घरी जाण्याआधी चाचणीच्या एका मशीनवर तुमचा प्रोग्रॅम अशा पत्त्याशी जोडून ठेवा, जिथे उत्तर द्यायला कुणी नाही. त्या क्षणी त्याने किती मेमरी घेतली आहे तो आकडा कागदावर लिहा. सोमवारी आल्यावर मेल उघडण्याआधी तो आकडा पुन्हा बघा.